पिंजऱ्यातले आमिष आणि गावातले आमिष

वन्य प्राण्याला त्याच्या रोजच्या वाटेवरून माणसाने ठरवलेल्या जागी आणणारी कोणतीही गोष्ट म्हणजे आमिष. ते खाणे असू शकते, वास असू शकतो, आवाज असू शकतो; भर उन्हाळ्यात नुसते पाणी किंवा सावलीही आमिषाचे काम करते. त्या जागी आलेल्या प्राण्याला अडकवण्यासाठी फास, जाळे, खड्डा, पिंजरा, हाका (गोंगाट करून प्राण्याला पुढे हाकणे) अशी निरनिराळी साधने वापरली गेली. आमिष चांगले पण साधन चुकीच्या जागी, किंवा साधन पक्के पण आमिष त्या प्राण्याच्या सवयीबाहेरचे, अशी जोडी असली की रात्रीमागून रात्र जाते आणि पिंजरा रिकामाच राहतो. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या वनरक्षकांचा, वनमजुरांचा आणि पशुवैद्यकांचा अनुभव असा की, प्राणी पकडण्याचे बहुतेक काम पिंजरा गाडीवर चढवण्याआधीच झालेले असते. जमीन वाचणे आणि त्या प्राण्याला इथे मुळात कशाने आणले ते ओळखणे, हे ते काम.

जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा परिसर हे काम समजून घेण्यासाठी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. भुसावळ तालुक्यातल्या या गावाच्या उत्तरेला तापी वाहते आणि जवळच हतनूर धरणाचा फुगवटा आहे. तापीपलीकडे रावेर आणि यावल तालुक्यांचा केळीचा पट्टा, त्यामागे सातपुड्याची रांग आणि तिच्यात 1969 मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य. पूर्वेला मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा आणि चारठाणा भागात वाघांचाही वावर आहे. गावाला लागून आयुध निर्माणीचे झाडीने भरलेले विस्तीर्ण आवार आहे आणि जवळून राष्ट्रीय महामार्ग जातो. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या आणि असंख्य नाले तापीला मिळतात. माणसाच्या नकाशावर हे नाले म्हणजे पावसाळ्यापुरत्या रेघा असतात. प्राण्याच्या नकाशावर मात्र ते बारमाही रस्ते असतात, कारण त्यांच्या काठी बोरी-बाभळीची झुडपे, आडोसा आणि डबक्यांत उरलेले पाणी असते.

या रस्त्यांच्या टोकाला केळीबाग लागते. पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो वा त्यानंतर लावलेली कांदेबाग, लागवडीनंतर काही महिन्यांत पाने एकमेकांत गुंतून वर छत धरतात. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा आजूबाजूच्या नांगरलेल्या वावरात उभे राहवत नाही; बागेत मात्र ठिबकच्या नळ्यांमुळे माती ओली असते आणि खोडांमधली हवा थंड असते. मुख्य पीक निघाले तरी मुनव्यांवर वाढणारी पिलबाग उभी राहते, त्यामुळे हा आडोसा वर्ष-दीड वर्ष टिकतो. रानडुकराला तिथे कंद आणि गारवा मिळतो, आणि बिबट्याला लपायला जागा, रानडुकराची पिल्ले व गावाकडून येणारी कुत्री मिळतात. मादी अशाच जागी विते. म्हणून या भागात बिबट्या पकडणे म्हणजे बहुतेक वेळा केळीबागेच्या धुऱ्यावर केलेले काम असते.

आजच्या कामाच्या मागे जुनी आणि गुंतागुंतीची परंपरा आहे. फासेपारधी या जमातीचे नावच फाशांवरून पडले. जनावरांच्या आतड्यांची तात आणि लाकडी खुंट्या यांपासून केलेल्या फाशांच्या ओळी ते हरणांच्या वाटेवर मांडत. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून कळपाजवळ जात. पिंजऱ्यातला पाळीव तित्तर हे त्यांचे सर्वांत कुशल आमिष. त्याने साद घातली की, आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून रानातला नर भांडायला धावे आणि भोवतीच्या फाशांत अडके. इथे खाण्याचा संबंधच नव्हता. प्राण्याचा स्वभाव हेच आमिष होते. 1871 च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी समाजाच्या मनातून तो पूर्ण गेलेला नाही. ठसा किती जुना, जनावर चालत होते की पळत होते, ते कोणत्या वेळी परतेल, हे ज्ञान या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्या ज्ञानाचे मोल मान्य केल्याशिवाय या विषयाचा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

दुसरी परंपरा साहेबी शिकारीची. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. त्याच्या खानदेशातल्या सुमारे दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या घरात जाते. या शिकारीत रेडकू किंवा बकरी बांधली जाई, वाघाने ती मारली की तिला गारा म्हणत, आणि गाऱ्यावर परत येणाऱ्या वाघाची वाट पाहत शिकारी मचाणावर बसे. दिवसा हाका घातला जाई. मारलेल्या जनावराकडे मोठे मांजर दुसऱ्या रात्री परत येते, हे निरीक्षण त्या काळात पक्के झाले. आजचा पिंजराही त्याच निरीक्षणावर उभा आहे, फक्त त्याच्या टोकाला बंदूक नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 हा या सगळ्या इतिहासाला छेद देणारा टप्पा होता. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, सापळा मांडणे, हाका घालणे आणि आमिष लावणे, यांतली प्रत्येक कृती शिकार ठरते. तसा प्रयत्नसुद्धा शिकारच. म्हणजे वावरात रानडुकरासाठी फास लावून ठेवणाऱ्याने, त्यात काही सापडो वा न सापडो, गुन्हा केलेलाच असतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद होऊ शकते. 2022 च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम वाढवली आणि सहा अनुसूचींच्या जागी चार आणल्या. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या कलम 11 नुसार, असा प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला आहे याची खात्री पटल्यावर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देतात. आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही असे ठरल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. त्यामुळे गावकऱ्यांनी मागणी केली आणि संध्याकाळी पिंजरा आला, असे सहसा घडत नाही. तो उशीर गावाला हलगर्जीपणा वाटतो. प्रत्यक्षात परवानगीच्या त्या दिवसांत पाहणी नीट झाली, तर पुढचे काम अचूक होते.

पाहणीची सुरुवात ठशापासून होते. बिबट्याच्या पावलात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या पावलात उमटतात. गावातून बिबट्या म्हणून आलेल्या अनेक निरोपांचा निकाल इथेच लागतो. त्यानंतर मारलेले जनावर पाहिले जाते. बिबट्या सामान्यतः गळा धरून मारतो, तिथे सुळ्यांच्या खुणा मिळतात. लांडगे आणि मोकाट कुत्री मागून व पोटाकडून फाडतात. ठसे कोणत्या बांधावरून आले, कोणत्या नाल्यात उतरले, बागेच्या कोणत्या कोपऱ्यात वई विरळ आहे, हे चालत पाहावे लागते. संशयाच्या वाटेवर स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. पायवाटेवर बारीक माती चाळून पसरली तर सकाळी तीच वही होते. जुने वनमजूर पिंजऱ्याच्या आधी दोन-तीन रात्री ही मातीची वही वाचतात, आणि त्यांनी निवडलेल्या जागेला सहसा कुणी हात लावत नाही.

पिंजरा लोखंडी गजांचा असतो. लांबी साधारण सहा ते आठ फूट, रुंदी अडीच-तीन फूट आणि उंची जेमतेम तेवढीच. तो मुद्दाम अरुंद ठेवतात, कारण आत वळायला जागा असेल तर प्राणी धडका देऊन जखमी होतो. एका टोकाला वरून खाली पडणारे दार, मध्ये पाय पडताच खटका सोडणारी पट्टी आणि दुसऱ्या टोकाला जाळीने वेगळा केलेला कप्पा. त्या कप्प्यात जिवंत आमिष बांधतात. बकरीला दोन्ही बाजूंनी जाळी असते, तिच्यापाशी चारा-पाणी ठेवले जाते, आणि बिबट्या आत आला तरी तो तिला पकडू शकत नाही, अशी रचना अपेक्षित असते. चांगले पथक या बकरीचीही काळजी घेते. भेदरून गप्प बसलेली किंवा तहानेने मलूल झालेली बकरी ओरडत नाही, आणि न ओरडणारी बकरी आमिष म्हणून निकामी असते. दया आणि काम या दोन्हींची गरज इथे एकच आहे.

पिंजरा लावताना नवखा माणूस तो बागेच्या आत, प्राणी बसतो त्या जागी नेऊ पाहतो. अनुभवी माणूस तो वाटेवर ठेवतो. प्राण्याला वाट सोडून पिंजऱ्यात शिरायला लावणे अवघड. त्याच्या वाटेतच पिंजरा येईल असे करणे सोपे. म्हणून नाल्याचा उतार, वईतली फट, दोन बागांमधली गाडीवाट या जागा निवडल्या जातात. तळावर माती पसरून गजांचा थंड स्पर्श झाकतात. बाजूंना आणि वर केळीची पाने लावतात. ती सुकली की खडखडतात, म्हणून रोज बदलतात. दार दोन-तीन वेळा पाडून पाहतात, कारण अर्ध्यावर अडकलेले दार एकदा अंगावर आले की तो प्राणी पुन्हा पिंजऱ्याजवळ येत नाही. ताजा रंग, डिझेल, विडीचा धूर यांचा वास टाळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे दूर ठेवतात. पिंजरा पाहायला येणारी गर्दी, तिच्या मोटारसायकली आणि मोबाइलचे उजेड हे पिंजरा रिकामा राहण्याचे पहिले कारण असते.

आमिष निवडण्यातही सवयीचाच विचार असतो. जनावर मारून अर्धवट सोडले असेल, तर त्याच्याइतके प्रभावी आमिष दुसरे नाही; ते जागेवरून न हलवता त्याच्या जवळच पिंजरा लावतात. शेतकऱ्याच्या मनात मात्र उलटी घाई असते. मेलेले वासरू डोळ्यांसमोरून लवकर जावे असे त्याला वाटते. नुकसानभरपाईसाठीही ते जागेवर राहणे आणि 48 तासांच्या आत खबर देणे आवश्यक असते, हे समजावून सांगितले की तो ऐकतो. एरवी बकरी, कोंबड्या किंवा कुत्रे यांचा आमिष म्हणून उपयोग झालेला आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. बकऱ्यांची संख्या कुत्र्यांच्या अनेक पट असूनही त्यांचा वाटा बराच कमी होता. बकरी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रे उकिरड्यावर मोकळे असते, एवढाच त्याचा अर्थ.

वासाचे आमिष हा वेगळा प्रकार. 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागात नरभक्षक ठरवलेल्या टी-1 वाघिणीच्या शोधात ऑब्सेशन नावाचे अत्तर वापरण्यात आले, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. त्यामागे कारण होते. उदमांजराच्या ग्रंथींतून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याशी मिळताजुळता घटक त्या अत्तरात असतो, आणि मोठी मांजरे त्या वासापाशी रेंगाळतात असे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात दिसले होते. पण वास प्राण्याला कॅमेऱ्यासमोर थांबवू शकतो, पिंजऱ्यात आणेलच असे नाही. ती वाघीण अखेर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीने मारली गेली आणि तिचे दोन बछडे मागे राहिले.

बेशुद्ध करून पकडणे हा गावकऱ्यांना सर्वांत सोपा वाटणारा उपाय. बंदूक आहे, औषध आहे, मग उशीर का, असा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. झायलाझिन आणि केटामाइन यांचे मिश्रण असलेली सुई लागल्यानंतर प्राणी पडायला काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत बिबट्या घनदाट केळीत शिरला तर तो कुठे पडला ते कळत नाही. अर्धवट गुंगीत तो माणसावर येऊ शकतो, किंवा पाटाच्या पाण्यात तोंड बुडून मरू शकतो. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते, आणि वजन लांबून अंदाजानेच धरावे लागते. उन्हाळ्यात बेशुद्ध प्राण्याचे तापमान झपाट्याने वाढते, अंगावर पाणी ओतत राहावे लागते. म्हणून हा मार्ग मुख्यतः आधीच कोंडलेल्या प्राण्यासाठी, म्हणजे घरात, गोठ्यात किंवा पिंजऱ्यात असलेल्यासाठी, आणि प्रशिक्षित पशुवैद्यक हजर असतानाच वापरला जातो.

विहिरीत पडलेला बिबट्या हे खानदेशातले नेहमीचे काम. कठडा नसलेल्या विहिरी वावरावावरांत आहेत, आणि रात्री कुत्र्याच्या मागे धावताना प्राणी त्यात पडतो. अशा वेळी आधी चार दोऱ्यांना बांधून बाज खाली सोडतात. पोहून थकलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो आणि बुडण्याचा धोका टळतो. मग दार उघडे ठेवलेला पिंजरा खाली सोडला जातो, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच त्यात शिरतो. इथे आमिष म्हणून मांसाचा तुकडाही लागत नाही. पाण्यात सापडलेल्या जिवाला कोरडी, अंधारी, बंदिस्त जागा हेच सर्वांत मोठे आकर्षण असते. हे काम पाहणाऱ्यांच्या मनात बिबट्याबद्दलची धारणा बदलते. गावाला दहशत वाटणारा प्राणी त्या बाजेवर भिजलेल्या मांजरासारखा बसलेला असतो आणि वर पाहत असतो.

पहाटे दार पडल्याचा आवाज येतो, तेव्हा कामाचा सर्वांत नाजूक भाग सुरू होतो. उजाडण्यापूर्वी पिंजऱ्यावर ताडपत्री टाकून आत अंधार करतात. अंधारात बिबट्या शांत होतो. उजेडात आणि गोंगाटात तो गजांवर तुटून पडतो, सुळे मोडून घेतो, कपाळ फोडून घेतो. सुळे मोडलेला बिबट्या पुढे रानातली शिकार करू शकत नाही, म्हणजे त्या सकाळच्या गर्दीने गावासाठी नवा धोका तयार केलेला असतो. म्हणून पिंजरा लवकरात लवकर गाडीवर चढवून हलवला जातो. नंतर पशुवैद्यक नर-मादी, वय, दात आणि जखमा तपासतात. मादीच्या सडांत दूध दिसले तर सगळे काम उलट दिशेने फिरते, कारण जवळच कुठेतरी पिल्ले असतात. बाग कापताना मजुरांना पिल्ले सापडली तर ती हाताळत न बसता, सापडली त्याच जागी संध्याकाळी खोक्यात ठेवून आईची वाट पाहणे हा रूढ आणि यशस्वी मार्ग आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात अशा अनेक भेटी कॅमेऱ्यांनी टिपल्या आहेत. आई रात्री येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.

पिंजऱ्यात आलेला बिबट्या हाच हल्ला करणारा बिबट्या असतो का, हा या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. 2017 च्या पावसाळ्यानंतर चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे बळी पडली. पिंजरे लागले, शोधपथके फिरली, रात्रीच्या रात्री लोकांनी भीतीत काढल्या, आणि अखेर डिसेंबरमध्ये बिबट्याला गोळी घालावी लागली. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या वावरात जायला मजूर तयार नसणे, मुलांना दारात खेळू न देणे, हे ज्यांनी अनुभवले त्यांच्या भीतीला कमी लेखता येत नाही. पण पिंजरा अंगावरचे ठिपके ओळखून दार पाडत नाही. जो येईल त्याच्यावर दार पडते, आणि पुष्कळदा तो त्या भागात निमूटपणे राहणारा दुसराच प्राणी असतो.

पकडलेल्या प्राण्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन शिकले. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. त्यापूर्वीच्या वर्षांत तिथे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. या मोहिमेनंतर ती सरासरी 17 वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी आपली जुनी जागा शोधत निघतो, वाटेत माणसांशी त्याची गाठ पडते, आणि त्याने रिकामी केलेली जागा दुसरा बिबट्या घेतो. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीतून काढलेल्या बिबट्याला माग दाखवणारा पट्टा लावून माळशेज घाटात सोडले. आजोबा म्हणून ओळखला गेलेला हा नर सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या जवळ पोहोचला. वाटेत महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडले, आणि या प्रवासात त्याने कुणा माणसावर हल्ला केला नाही. 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ दिसला म्हणून बिबट्या पकडू नये आणि पकडलाच तर दूर नेऊन सोडू नये, असा त्यांचा रोख आहे. पकडलेल्या बिबट्याच्या शेपटीच्या मुळाशी बसवलेली तांदळाएवढी चिप वाचून, तोच प्राणी पुन्हा सापडला का हे आता कळते.

माकडांचे काम वेगळे. तापी ही लाल तोंडाच्या उत्तरेकडील माकडांची जुनी दक्षिण सीमा मानली जाते, आणि वरणगाव त्या सीमेवरच आहे. माकडे पकडताना मोठा पिंजरा काही दिवस उघडाच ठेवून त्यात हरभरे, शेंगदाणे, केळी टाकतात. दार मुद्दाम पाडत नाहीत. टोळीतली धीट माकडे आधी येतात, मग माद्या, आणि शेवटी नर निर्धास्त होतात. संपूर्ण टोळी आत असेल तेव्हाच लांबून दोरी ओढतात. एखादे-दुसरे पकडले तर उरलेली टोळी त्या पिंजऱ्याला कायमची ओळखते. आधी नुसते खायला घालण्याची ही पद्धत शेतकऱ्यालाही ठाऊक असते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड वापरण्याआधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे पीठ ठेवतात, नाहीतर एकदा आजारी पडलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा शिवत नाही.

रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्या बाबतीत पकडण्याचे उपाय अपुरे पडतात. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना परवानगीने मारण्याची तरतूद राज्याने 2015 मध्ये केली. मध्य प्रदेशात चितळांसाठी बोमा ही आफ्रिकेतून आलेली पद्धत वापरतात. हिरव्या जाळीच्या दोन लांब भिंती नरसाळ्यासारख्या अरुंद होत जातात आणि कळप न घाबरता थेट गाडीत चढतो. पण केळी-कापसाच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एवढी मोकळी जागा मिळणे कठीण. त्यातून काही शेतकरी दुचाकीच्या क्लच वायरचा फास, विजेची उघडी तार किंवा मेलेल्या जनावरावर विष, अशा वाटेला जातात. हे मार्ग बेकायदा आहेतच, शिवाय आंधळेही आहेत. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्याची कंबर कापली जाते. विजेच्या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला सालदार चिकटतो. विष खाल्लेले कुत्रे दारात येऊन मरते आणि त्याच्यावर बसलेली घार दुसऱ्या गावात जाऊन मरते. आपण लावलेल्या फासाला आपलाच माणूस ओळखता येत नाही, हे अशा प्रत्येक घटनेनंतर वावरात उभ्या राहिलेल्या पंचनाम्यात दिसते.

या सगळ्या कामाचा अनुभव एका ठिकाणी येऊन थांबतो. पिंजरा लावायला गेलेले पथक गावाच्या शिवेवर जे पाहते, तेही आमिषच असते, फक्त ते कुणी ठरवून मांडलेले नसते. महामार्गाकडेच्या ढाब्यांमागे टाकलेले कोंबडीचे अवशेष, गावाबाहेर फेकलेली मेलेली गुरे, उकिरड्यावर पोसलेली मोकाट कुत्री आणि डुकरे, बागेच्या कडेला सडत टाकलेले केळीचे घड, रात्री उघड्यावर बांधलेली बकरी. पिंजऱ्यातली एक बकरी बिबट्याला एका रात्रीपुरती बोलावते. हे आमिष त्याला वर्षभर बोलावत राहते. एक बिबट्या नेला तरी ते तिथेच असते, आणि त्याच्या मागून येणाऱ्यालाही तेच बोलावते.

म्हणून जाणते पथक पिंजरा उचलताना गावाला काही कामे सांगून जाते. मांसाचा कचरा खोल खड्ड्यात पुरावा. मेलेले ढोर रस्त्याकडेला टाकू नये. गोठ्याला वरूनही जाळी असावी, कारण बिबट्या भिंत चढतो. बकऱ्या-वासरे रात्री बंद दाराआड असावीत. विहिरीला कठडा बांधावा. घराला लागून असलेल्या बागेत आणि घरात काही अंतर मोकळे ठेवावे. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर बाऱ्यावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, एकट्याने जाऊ नये, हातात काठी आणि टॉर्च असावा, बोलत किंवा गाणे लावून चालावे. उकिडवे बसलेले किंवा वाकलेले माणूस बिबट्याला चौपायासारखे दिसते, म्हणून पहाटे परसाकडे एकटे जाणे आणि वाकून गवत कापणे या वेळा सर्वांत जपण्याच्या. मुले अंधार पडण्याआधी घरात असावीत. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. घेरलेला बिबट्याच बहुधा अंगावर येतो.

ही कामे पिंजऱ्याइतकी दिसत नाहीत, आणि त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत. पिंजरा मागणारे निवेदन एका दिवसात तयार होते. कोंबडीच्या कचऱ्याचा खड्डा सहा महिने रखडतो. तरीही प्राणी पकडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांचा अनुभव असाच आहे. ज्या शिवेवर हे आमिष उचलले जाते, तिथे बिबट्या नाल्याने येतो, बागेच्या कडेने पाणी पितो आणि उजाडण्याआधी निघून जातो. सकाळी धुऱ्यावरच्या मातीत त्याचे ठसे तेवढे राहतात, आणि त्या ठशांच्या शेजारून सालदार पाणी द्यायला जातो.